दोन भोकांचं कार्ड

"डावा डोळा मिटू नगा, वहिनी. दोन्ही उघडे ठेवा," सुभेदार खराडे म्हणाले.

"दोन्ही उघडे ठेवले की दोन पिस्तुलं दिसतात."

"दिसू द्या. खरं कुठलं ते हाताला कळतंय."

हे मला पटलं नाही, पण शिकायला आले होते म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवले. दोन पिस्तुलं दिसली. थोड्या वेळाने त्यातलं एक विरघळलं. मी ट्रिगर ओढला. समोर दहा मीटरवर टांगलेलं कार्ड जसंच्या तसं राहिलं आणि त्याच्या मागच्या फळीतून 'टक्' असा आवाज आला.

"फळीला लागला," मी म्हटलं.

"फळीबी टार्गेटच हाय. जरा मोठं."

मागे खुर्चीवर माझे यजमान, पद्माकर, बसले होते. ते म्हणाले, "सुभेदार, हिला जमणार बघा. हिचा हात अजिबात हलत नाही. लॅबमध्ये दिवसभर थेंब मोजते." ही माहिती ते भेटेल त्याला देत असत. त्या दिवशी रेंजवर आमच्याशिवाय फक्त सुभेदार होते, म्हणून त्यांना ती दोनदा ऐकावी लागली.

रेंज म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डामागची हळदीची जुनी वखार. हळद कधीच हलली होती, पण भिंतींतून वास गेला नव्हता आणि उन्हाची तिरीप आली की हवेत पिवळे कण दिसायचे. वखारीचे मालक पद्माकरांच्या वर्गातले. नेमबाजी क्लबच्या अध्यक्षांच्या मळ्यावर आमच्या दुकानातून पंप गेलेला. त्यामुळे सभासद होण्यासाठी आम्हाला काहीच करावं लागलं नाही. एका संध्याकाळी पद्माकर घरी आले आणि म्हणाले, "आपण दोघं नेमबाज झालो."

डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबासाठी मन शांत होईल असा एखादा छंद लावून घ्यायला सांगितलं होतं. त्यांना कुठलीच गोष्ट एकट्याने करता येत नसे, शांत होणंसुद्धा. म्हणून मी.

आम्ही जैन. सासूबाईंनी पिस्तुलाची पेटी बघून विचारलं, "कुणाला मारणार?"

"कागदाला, आई," पद्माकर म्हणाले.

"कागद कशाचा करतात?"

"झाडाचा."

"मग?"

शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. दिवस मावळायच्या आत घरी यायचं आणि जेवून घ्यायचं. रोजचा नियम मोडायचा नाही. बाकी कागदाचं त्या बघून घेतील.

मी तेव्हा हळदीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. व्यापारी नमुने आणून देत, हळदीत पिवळं द्रव्य किती टक्के आहे ते मी काढून देत असे. एम.एस्सी.ला मला चांगले गुण होते. तरीही मी मुलाखतीला जाण्याच्या आदल्या दिवशी पद्माकरांनी प्रयोगशाळेच्या मालकांना फोन केला होता. नोकरी लागली. फोन केला नसता तर लागली असती का, ते मला सांगता येत नाही. फोन न करता काय झालं असतं हे तपासायला दुसरी चंदना मगदूम उपलब्ध नव्हती. ड्रायव्हिंगचं लायसन्सही असंच बसल्या जागी आलं. मी गाडी नीट चालवते. परीक्षा झाली असती तर पास झाले असते असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

यात पद्माकरांचा वाईट हेतू कधीच नव्हता. कुणाचं काही अडलं की त्यांचा हात आपोआप फोनकडे जायचा. "आपला माणूस आहे तिथं," ते म्हणायचे. त्यांच्या माणसांनी सांगली जिल्हा भरलेला होता.

रेंजवर मात्र एक वेगळी गोष्ट घडली. गोळी झाडायची, हँडल फिरवायचं, दोरीवरून कार्ड सरकत पुढ्यात यायचं. त्यावर एक भोक असायचं. सुरुवातीला ते कडेला असायचं, मग काळ्या वर्तुळाच्या जवळ, मग वर्तुळात. ते भोक तिथे का पडलं याला मनगट, श्वास आणि बोट सोडून दुसरं कारण नसायचं. मी कार्डाकडे बराच वेळ बघत बसायचे.

"काय बघता एवढं?" सुभेदारांनी एकदा विचारलं.

"सात आहे."

"हां, सातच हाय. रडू नगा."

"रडत नाहीये."

पद्माकर शेजारच्या लेनमध्ये असायचे. त्यांचा नेम त्यांच्या स्वभावासारखा, सगळीकडे पोचणारा. एक दहावर, एक चारवर, एक फळीवर. मधूनमधून ते माझ्या कार्डाकडे बघायचे आणि ओरडायचे, "नऊ! अगं, नऊ गेला तुझा!"

"साहेब, सोताच्या कार्डाकडं बघा," सुभेदार म्हणायचे.

"माझ्या कार्डावर बघण्यासारखं काय आहे?"

वर्षभराने पुण्याच्या राज्य स्पर्धेची निवड जाहीर झाली. क्लबमधून जायचं तर सुभेदारांच्या समोर चाळीस गोळ्या झाडायच्या, एका कार्डावर एक, आणि चारशेपैकी साडेतीनशे गुण मिळवायचे. मिळाले तर पुणे, नाहीतर पुढचं वर्ष. मला पुण्याला जायचं होतं. त्यापेक्षाही मला तो आकडा हवा होता, कुणीही न देता आलेला. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पद्माकरांनी व्यवस्था केली असती.

त्यांनी आपल्या परीने केलीच. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी पुण्याला निघाल्याचं कळलं होतं. पेढे आणून झाले होते. निवडीच्या दिवशी गाडीत बसताना ते म्हणाले, "खराडेंच्या कानावर घालून ठेवू का?"

"काय घालणार?"

"काही नाही गं. असंच. त्यांच्या मेव्हण्याला आपण मोटर दिली होती की."

"नको."

"बरं. मीपण नाव दिलंय आज. तुला सोबत."

"तुमचे साडेतीनशे होणार नाहीत."

"माहीत आहे की. मी सोबतीला आहे."

त्या दुपारी वखारीत आम्ही दोघंच उभे राहणार होतो. मी तिसऱ्या लेनमध्ये, पद्माकर चौथ्या. सुभेदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आवाज बदलला होता. "स्पर्धक तयार. बोलायचं नाही. दुसऱ्याच्या लेनमध्ये बघायचं नाही. सुरू." त्यांनी हे पद्माकरांकडे बघून म्हटलं.

पहिल्या दहा गोळ्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यानंतरच्या दहांबद्दलही नाही. चांगली नेमबाजी बघायला फार कंटाळवाणी असते. हात वर जातो, थांबतो, खाली येतो. मी माझे गुण मोजत नव्हते. सुभेदारांनी तसं शिकवलं होतं. झाडलेलं कार्ड त्यांच्या टेबलावर द्यायचं आणि विसरायचं. हात वर नेला की समोरचं कार्ड धूसर व्हायचं, पिस्तुलाच्या टोकावरची नेम धरायची खूण, जिला माशी म्हणतात, तेवढी लख्ख दिसायची.

माझे गुण मोजत होते पद्माकर. व्यापारी माणूस, बेरीज त्यांच्या डोक्यात न सांगता होते. स्वतःच्या गोळ्या ते कशातरी उरकत होते आणि माझं कार्ड परत येताना मान लांब करून बघत होते. शेवटची गोळी राहिली. मी पिस्तूल भरलं. पलीकडून, त्यांना कुजबुज वाटत असावी अशा आवाजात, ते म्हणाले, "नऊ पाहिजे. फक्त नऊ."

"चार नंबर, बोलायचं न्हाई!" सुभेदार गरजले.

मी हात वर नेला. माशी लख्ख झाली. आणि तिच्या शेजारी, कुठूनसा, नऊचा आकडा येऊन उभा राहिला. हात खाली घ्यायला हवा होता. सुभेदारांनी हेच शंभरदा सांगितलं होतं: मन हललं की हात खाली. मी ट्रिगर ओढला. ओढतानाच कळलं. मनगट किंचित सुटलं होतं, खाली आणि डावीकडे. जरा सराव झाला की गोळी कुठे गेली हे कार्ड बघायच्या आधी कळतं. जिन्याची पायरी चुकली हे पडायच्या आधी कळतं, तसं. ती पांढऱ्यात गेली होती. सहा.

लगेचच, अगदी पाठोपाठ, चौथ्या लेनमधून पद्माकरांनीही आपली शेवटची गोळी झाडली.

मी हँडल फिरवलं. त्यांनीही फिरवलं. त्यांचं कार्ड आधी आलं, कोरं.

"फळीला लागला वाटतं," ते म्हणाले.

मग माझं आलं. त्यावर दोन भोकं होती. एक खाली डावीकडे, पांढऱ्यात. दुसरं बरोबर मधोमध, दहाच्या वर्तुळाच्या आत, कडेला न शिवता.

पद्माकर दिवसभर माझ्याच कार्डाकडे बघत होते. शेवटच्या गोळीला हात त्यांच्या डोळ्यांपाठोपाठ गेला, एवढंच झालं. नेमबाजांकडून ही चूक होते. शेजाऱ्याच्या कार्डावर गोळी जाते. तिची लाज पुष्कळ वाटते आणि तिच्यासाठी नियमही आहे.

सुभेदारांनी कार्ड उचललं, टेबलावर ठेवलं आणि घसा साफ केला. "चार नंबरची गोळी तीन नंबरच्या कार्डावर. चार नंबरला शून्य. आता तीन नंबर. नियम असा हाय की कुठली गोळी कुणाची हे ओळखता येत नसंल, तर कार्ड ज्याचं त्याला मोठा आकडा द्यायचा." ते थांबले. "म्हंजे दहा."

पद्माकरांच्या ओठांची हालचाल मला दिसली. तीनशे एक्केचाळीस अधिक दहा.

"सहा माझा आहे," मी म्हटलं.

"न्हाई, न्हाई, सहा माझा," पद्माकर म्हणाले. ते बोलताना सुभेदारांसारखे बोलू लागले होते. "मला कळलं की. माझाच हात खाली गेला. हिचा दहा."

"सहा माझा आहे. सुटताना कळलं मला."

"तिला काय कळतंय? सहा माझा!"

सुभेदारांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "फौजेतली धरून तीस वर्षं झाली मला रेंजवर," ते म्हणाले. "दहासाठी भांडणारी लई बघितली. सहासाठी भांडणारी आजच बघतोय."

"तुम्ही लिहा की, दहा लिहा," पद्माकर म्हणाले.

"लिहितोय." त्यांनी पेन उचललं. "ओळखता येत न्हाई. मोठा आकडा."

"ओळखता येतंय, सुभेदार," मी म्हटलं.

ते पेन हातात धरून राहिले. "वहिनी, आज मी चष्मा आणला न्हाई."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

आमची पिस्तुलं हवेची, गोळी म्हणजे शिशाचा छर्रा. पद्माकरांचे छर्रे टोकदार असायचे. कुणा ओळखीच्याने मुंबईहून आणून दिलेले, महागाचे. आम्ही बाकीचे सपाट तोंडाचे छर्रे वापरायचो, क्लबमधले. सपाट छर्रा कागदाला पंच केल्यासारखं गोल भोक पाडतो. टोकदार छर्रा कागद फाडत आत जातो आणि कडेला चिरा राहतात. यावरून सुभेदार पद्माकरांना आठवड्यातून एकदा तरी बोलायचे. म्हणजे त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या तिघांनाही, कार्ड हातात आल्या क्षणापासून, कुठलं भोक कुणाचं हे ठाऊक होतं. आणि तिघांपैकी दोघांनी मला पुण्याला पाठवायचं ठरवलं होतं.

मी टेबलावरचं भिंग घेतलं आणि कार्डावर ठेवलं. मधलं भोक भिंगात मोठं झालं. कडेला चार चिरा, चांदणीसारख्या. खालचं भोक गोल, स्वच्छ.

"मधलं फाटलंय," मी म्हटलं. "ते यांचं. खालचं गोल आहे. ते माझं. बघा तुम्ही."

सुभेदारांनी बघितलं नाही. "मला एक इचारायचं हाय," ते म्हणाले. "ह्यो नियम कुणाच्या भल्यासाठी हाय?"

"ओळखता येत नसेल तेव्हासाठी आहे."

"अगं, कशाला!" पद्माकर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटली. "कुणाचं नुकसान होतंय का? कुणाचा नंबर मारतोय का आपण? इथं आहे कोण? आपणच आहोत."

"म्हणूनच," मी म्हटलं. "सुभेदार, लिहा."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. भिंगातून बघितलं. लिहिलं. मग त्यांनी स्पर्धेच्या आवाजात जाहीर केलं, "तीन नंबर, तीनशे सत्तेचाळीस. अपात्र." आणि साध्या आवाजात म्हणाले, "पिस्तूल रिकामं हाय न्हवं? दाखवा."

मी दाखवलं. रिकामं होतं.

गाडी मी चालवत होते. रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून थांबलो. तोपर्यंत पद्माकर एक शब्द बोलले नव्हते. लग्नानंतर ही बहुधा पहिलीच वेळ.

"खराडे लिहीत होते," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"तुला कुणी विचारलं नव्हतं."

"नाही."

"मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन, की वाईट ते माझं. तू तेवढंही घेऊ दिलं नाहीस."

मालगाडी आली. तिचे डबे संपेपर्यंत बोलून उपयोग नव्हता.

"तो माझा होता," गाडी गेल्यावर मी म्हटलं.

"काय? सहा?"

"हो."

"सहा घेऊन काय करणार आहेस तू?"

"पुढच्या वर्षी सात."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. फाटक उघडलं होतं.

"नोकरीच्या वेळी मी फोन केला होता," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"त्यांनी मला काय सांगितलं, माहीत आहे? म्हणाले, मगदूम, उद्या मुलाखत बघू आणि ठरवू. फोन ठेवून दिला. मी तुला कधी सांगितलं नाही. माझी किंमत राहिली नसती."

मी गाडी रुळांवरून हळू नेली. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यावरून नोकरी कशी लागली हे सिद्ध होत नव्हतं, आणि पद्माकर मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू शकतात हे त्या दुपारीच सिद्ध झालं होतं.

"खरंच?" मी विचारलं.

"आता कसं सांगू?" ते म्हणाले. "तुझा विश्वास बसेल असं काही मी बोललोय का आज?"

आम्ही दोघंही हसलो, पण वेगवेगळ्या वेळी.

घरी सासूबाई ताट वाढून दारात उभ्या होत्या. सूर्य शेजाऱ्यांच्या टाकीवर टेकला होता. "गेली का पुण्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही," पद्माकर म्हणाले. "तीन गुण कमी पडले."

"तीन? मग तू कुणाशी बोलला नाहीस?"

"बोललो. हिनं मोडता घातला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पेढ्यांचा पुडा आणला आणि सोडला. "आणलेत ते आणलेत. दिवस आहे तोवर खाऊन घ्या."

पुढच्या वर्षी मला साडेतीनशेला दोन कमी पडले. त्याच्या पुढच्या वर्षी मिळाले, वर चार. त्या निवडीला पद्माकर आले नाहीत. त्यांनी दुकानातही कुणाला सांगितलं नाही, आणि हे किती कठीण गेलं हे त्यांच्या नोकराने मला नंतर सांगितलं. पुण्यात मी शेवटून सातवी आले. तो दिवस फार चांगला गेला.

पद्माकरांनी पिस्तूल सोडून दिलं. हल्ली ते बासरी शिकतात. पण त्या दहाची गोष्ट अजून सांगतात. पाहुणे जेवून बसले की सुरू. आयुष्यातला सगळ्यात सुंदर नेम, आणि तो बायकोच्या कार्डावर. आता ते ती अगदी जशी घडली तशी सांगतात. मोठी करत नाहीत, मला दहा देत नाहीत. "माझा दहा," ते म्हणतात, "आणि हिचा सहा."

इथे पाहुणे जरा अवघडतात. मला वाईट वाटलं असेल म्हणून माझ्याकडे बघतात.

"खाली डावीकडे," मी सांगते. "पांढऱ्यात."